आगाशीचा मुनवा

माझ्या सासूबाईंची केळ मी मारली. एवढं एक वाक्य लिहायला मला बावन्न वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकते. पुढचं मग आरामात सांगता येईल.

नुसती मारली असती तर एक वेळ चाललं असतं. दुर्लक्षाने झाडं मरतात, कुणी फाशी देत नाही. मी ती अक्कल वापरून मारली. वीस वर्षांची होते, मॅट्रिक पास, शाळेत विज्ञानात पहिली आलेली. ही शेवटची गोष्ट सासरी आल्यापासून आठवड्याच्या आत माझी घरात सगळ्यांना सांगून झाली होती. नारळ पाडायला यायचा त्या माणसालासुद्धा.

सासर वसईतलं, वाडीवालं. वाडी म्हणजे आमची बागायत: विहीर, पाट, नारळ, पानवेली, मोगरा आणि केळी. त्या केळींत मान राजेळीचा. तिची पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून आमच्याकडे सुकेळी करतात. मधासारखी गोड आणि तपकिरी. केळीच्या बुंध्याशी जी पिल्लं फुटतात त्यांना मुनवे म्हणायचं. एक मुनवा खणून दुसरीकडे लावला की तीच केळ पुढे चालू राहते. बी नाही, काही नाही. आईच पुन्हा पुन्हा उगवत राहते म्हणा ना.

आमच्या घरात रीत होती की सून येताना माहेरचा एक मुनवा घेऊन येते. सासूबाईंनी त्यांच्या लग्नात आगाशीहून राजेळीचा आणला होता आणि त्याचं विहिरीजवळ चांगलं दाट बेट झालं होतं. माझे वडील पालघरला शाळेत कारकून. आमच्या अंगणात तुळस सोडून काही नव्हतं. मी आणलं भिंतीवरचं घड्याळ. सासूबाईंनी ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं आहे, पाणी घालायला नको." एवढंच.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांची आई आजारी पडली म्हणून त्या महिनाभर आगाशीला गेल्या. जाताना मला बेटापाशी नेऊन सांगितलं, याच्याकडे लक्ष ठेव, आणि दोन पावलं जाऊन परत वळल्या. "फार काही करू नकोस," म्हणाल्या.

आता मला कळतं की ते शेतीतलं किती मोठं ज्ञान होतं. तेव्हा मला तो अपमान वाटला. शेतकी खात्याचं एक पत्रक घरात पडलं होतं, त्यात युरियाची महती होती. झाडाला मूठभर, बुंध्यापासून लांब, ओल्या मातीत, असं स्पष्ट लिहिलेलं. विज्ञानातल्या पहिलीने विचार केला, मूठभर साध्या झाडाला. राजेळीला मूठभर म्हणजे शोभत नाही. मी एक घमेलंभर युरिया बुंध्याला टेकवून, भर उन्हात, सुक्या मातीवर ओतला. पांढरा शुभ्र ढीग. देवापुढे रांगोळी घातल्यासारखी मी मागे सरून बघत उभी राहिले होते, हेही आठवतं.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा इस्तरी लागल्यासारख्या करपल्या. मग पहिलीला सुचलं की खत जास्त झालंय, तर पातळ करावं. पाटाचं पाणी आळ्यात सोडलं आणि आठ दिवस बंदच केलं नाही. आधी जाळली, मग बुडवली. गड्डा कुजला. एका सकाळी सहज हात लावला तर अख्खा बुंधा आडवा, आणि त्याच्यामागोमाग सगळं बेट. माझे यजमान मुंबईला ऑफिसात जायचे. त्यांना राजेळी आणि बाजारातल्या साध्या बसराई केळीतला फरक दारात घड टांगला तरी कळत नसे, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो कुंपणापलीकडच्या शेजारणीला. ती ख्रिस्ती, माझ्याच वयाची, वाडीत जन्मलेली आणि वाडीतच दिलेली. ती तिच्या घरच्या बोलीत बोलायची, ती मला लिहिता यायची नाही, अर्थ तेवढा सांगते. आधी ती कुंपणाला धरून इतकी हसली की खाली बसली. मग मी रडायला लागले तेव्हा उठून पहार घेऊन आली. तिच्या वाडीतल्या राजेळीचा एक मुनवा, तलवारीसारख्या अरुंद पानांचा, गड्ड्यासकट काढून दिला. कुजलेली माती उपसून आम्ही दोघींनी तो त्याच जागी लावला. कुणाला सांगणार नाही म्हणाली. फादरांपुढे पाप सांगायला जायची तेव्हा तिथे बोलली असेल तर देव जाणे. पण पाप माझं होतं, तिने ते तिच्या रांगेत कशाला मांडावं?

सासूबाई परत आल्या. मी म्हटलं, बेट फार दाट झालं होतं म्हणून विरळलं. त्यांनी त्या एकुलत्या एक मुनव्याकडे बघितलं. "बरंच विरळलंस," म्हणाल्या, आणि पाय धुवायला गेल्या.

वर्ष-सव्वा वर्षाने घड आला, सुकेळी झाली. आगाशीची मंडळी आली, खाल्ली आणि माना डोलवत म्हणाली, आमच्याकडची चव लपत नाही. मीही मान डोलवली. असं दर वर्षी. पुढे सासूबाई गेल्या आणि आगाशीच्या मुनव्याची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ती इतक्यांदा, इतकी रंगवून सांगितली की बोटीतून आणलेला मुनवा, ओल्या धोतरात गुंडाळलेला, वगैरे तपशीलही माझेच. माझ्या नातीने लहानपणी जेवताना शंभर वेळा ऐकली असेल.

आता नातीकडे येते, कारण सगळा घोटाळा तिच्या शिक्षणाने झाला.

माझा मुलगा-सून नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहतात. नातीने कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं आणि मग विद्यापीठात बायोइन्फॉर्मॅटिक्सला गेली. सुरुवातीला मला तो शब्द एका दमात म्हणता यायचा नाही. शेजारीपाजारी विचारायचे, म्हणजे डॉक्टर होणार की कॉम्प्युटरवाली? मी सांगायचे, अधलंमधलं काहीतरी. एकदा तिलाच समोर बसवलं आणि म्हटलं, मला समजेल असं सांग, मी विज्ञानात पहिली होते.

तिने असं सांगितलं. प्रत्येक जिवाच्या आत, अगदी केळीच्या पानाच्या कणाकणात, एक मजकूर असतो. अक्षरं चारच, पण मजकूर कोट्यवधी अक्षरांचा. तो यंत्रातून वाचला की सलग मिळत नाही, बारीक तुकडे तुकडे मिळतात. "समज आजी, तुझ्या लग्नाची पत्रिका कुणी फाडून तुकडे केले. एक नाही, त्याच पत्रिकेच्या शंभर प्रती फाडून एकत्र कालवल्या. भिंतीवर दुसऱ्या कुणाच्या लग्नाची एक अख्खी पत्रिका लावलीय. आता प्रत्येक तुकडा भिंतीवरच्या पत्रिकेत कुठे बसतो ते बघायचं. बहुतेक मजकूर सारखाच असतो. जिथे अक्षर वेगळं निघतं, तिथे तू."

"हे सगळं तू हाताने बघतेस?"

"मी कॉम्प्युटरला बघायला शिकवते. आणि तो चुकतोय की नाही ते बघते. जास्त वेळ दुसऱ्यातच जातो."

आयुष्यभर मी केळीची पानं कापली, त्यावर जेवले, ती गाईला घातली. दर पानात एवढं लिहिलेलं होतं आणि आपण त्यावर वरण-भात वाढत होतो.

एकदा तिची दोन वर्षं पुढे असलेली एक मैत्रीण जेवायला आली. फुलपाड्याची, वडील रिक्षा चालवतात. मी आपली आजीच्या हक्काने चौकशी केली, नोकरी काय करतेस. ती मुंबईत एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती. क्षयाच्या रोग्याच्या थुंकीतल्या जंतूचा मजकूर तिच्यापुढे येतो आणि कुठलं अक्षर बदललंय ते बघून ती सांगते की या जंतूवर अमुक गोळी चालणार नाही, दुसरी द्या. रोगी तिला कधी दिसत नाही. मी भात वाढता वाढता थांबले. माझा धाकटा दीर क्षयानेच गेला. वर्षभर गोळ्या घेत होता, आणि त्या त्याला का लागू पडत नाहीत हे कुणालाच कळत नव्हतं. ही चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी माझ्या ओटीवर सोलकढी पीत म्हणत होती की हल्ली ते थोड्या दिवसांत कळतं. मी तिला आणखी एक माशाची तुकडी वाढली. दुसरं काय करणार होते?

त्या मैत्रिणीच्या वर्गातली एक हैदराबादला भाताच्या वाणांवर काम करते, एक औषधांच्या कंपनीत आहे, एक जण नुसता जगभरचा असला मजकूर नीट लावून ठेवणाऱ्यांकडे लागलाय, ग्रंथपालासारखा. एकाने पुढे संशोधन धरलंय. आणि त्या हॉस्पिटलात आणखी एक जागा निघणार होती. नातीने मुलाखत दिली होती, त्यांना ती आवडली होती. अट एवढीच की शेवटचा प्रकल्प वेळेत पुरा होऊन हातात पदवी हवी.

तो प्रकल्प म्हणजे राजेळी.

कल्पना तिचीच. वाड्या जाऊन इमारती होतायत, राजेळी कमी होत चालली. आहे तोवर बघावं की वसईची राजेळी सगळी एकच आहे की वेगवेगळ्या वाड्यांत तिच्या वेगळ्या शाखा झाल्यात. मीच तिला अकरा वाड्यांत फिरवलं, कारण अनोळखी मुलीला कुणी केळीला हात लावू देत नाही. ती मधली न उलगडलेली सुरळी कापायची, तुकडा पाकिटात घालायची, सोबत बुटांच्या खोक्यात निघतात तसले ओल शोषणारे मणी, आणि वर नंबर. आमचा तीन. आगाशीच्या सासूबाईंच्या माहेरचा चार. कुंपणापलीकडचा नऊ. शेजारीण जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या वाडीवर इमारत आली, पण पाण्याच्या टाकीमागे तिचं राजेळीचं बेट अजून उभं आहे. नऊ नंबरच्या पाकिटाकडे बघताना माझ्या मनात काही आलं नाही, हे खरं सांगते. मी माझी गोष्ट इतकी वर्षं सांगितली होती की मला स्वतःलाच ती पटली होती.

महिन्या-दोन महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन वाडीवर येऊन राहिली. फ्लॅटपेक्षा इथे शांतता. पहिले काही दिवस मजेत होती. मग जेवणाकडे लक्ष लागेना. तीन दिवस झाले, ओटीवर बसून तेच ते परत परत करतेय. शेवटी दुपारी मी चहा ठेवला आणि विचारलं.

तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. वर आडवं झाड काढल्यासारखं चित्र होतं, फांद्याफांद्यांच्या टोकाला नंबर. ज्यांचा मजकूर जास्त सारखा ते एका फांदीवर शेजारी शेजारी. आणि तिथे, एका बारक्याशा डहाळीवर, अगदी चिकटून, तीन आणि नऊ. चार पार दुसऱ्या टोकाला.

बावन्न वर्षांनी कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवावा तसं मला झालं. पहार, तो पांढरा ढीग, शेजारीण हसून खाली बसलेली. जिवंत माणसांत माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट, आणि ती त्या यंत्रावर चित्र काढून दाखवलेली. कुणी विचारलं नव्हतं, कुणी चुगली केली नव्हती. पान बोललं होतं.

"छान आलंय की," मी म्हटलं. मला तेवढंच सुचलं.

"छान काय आजी, चुकलंय." मग तिने सांगितलं ते असं. बाकी वाड्यांचं कुणालाच माहीत नाही, कुठली केळ कुठून आली. म्हणून तिने एक खात्रीची जोडी धरली होती: तीन आणि चार. आगाशीचा मुनवा आपल्याकडे आला, त्या दोन एकच केळ, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिची पद्धत बरोबर असेल तर या दोन शेजारी यायला हव्यात. येत नाहीत, म्हणजे पद्धत चुकलीय नाहीतर पाकिटं अदलाबदल झालीत. तिच्या मार्गदर्शक मॅडमही तेच म्हणाल्या होत्या. दोन्हींपैकी काहीही असलं तरी बाकीच्या नऊ वाड्यांच्या निकालावरही कुणी विश्वास का ठेवावा? सगळं पुन्हा करायला वेळ नव्हता. वेळेत दिलं नाही तर ती जागा गेली.

"मला हे जमत नाही आजी," ती म्हणाली. "ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे, तेवढंसुद्धा माझं बरोबर येत नाही."

आणि मी, विज्ञानात पहिली, काय केलं? चहाचे कप उचलून आत गेले. ते कप मी तीनदा घासले. मनात हिशेब चालला होता: आगाशीची मंडळी काय म्हणतील, सून काय म्हणेल, हिच्या प्रकल्पाच्या पुस्तकात ते छापलं जाईल का. वीस वर्षांची मूर्ख परवडली. तिने निदान रडून तरी दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात मला म्हणाली की तिने ठरवलंय. पाकिटांवर नंबर घालताना तिच्याच हातून चूक झाली, असं ती मॅडमना लिहून देणार आणि मुदत मागणार. हॉस्पिटलला कळवणार की माझी वाट बघू नका. पत्र लिहायला तिने लॅपटॉप उघडलाही होता.

ते मात्र मला सहन झालं नाही. माझ्या युरियाखाली तिने का करपावं?

"तीन नंबर आगाशीचा नाही," मी म्हटलं.

"आगाशीचाच आहे, आजी. म्हणून तर..."

"नाही. तो मी मारला. घमेलंभर युरिया घालून."

"कधी?"

"तुझा बाप व्हायच्या आधी."

"मग आपल्या विहिरीजवळ आहे तो कुठला?"

मी बोट केलं. टाकीमागे शेजारणीच्या राजेळीची पानं इथून दिसतात.

मला वाटलं हसेल, नाहीतर चिडेल. तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि स्क्रीनकडे बघितलं, नऊकडे, तीनकडे. डोळ्यांत पाणी आलं होतं. मग पोलिसासारखी वही काढली आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. कुठला महिना, मुनवा केवढा होता, कुंपणाच्या कुठल्या बाजूने काढला, जुन्या गड्ड्याचं काही उरलं होतं का. ओलं धोतर आणि बोट खरी का, तेही विचारलं. नाही म्हटलं. शेवटी ते सगळं स्वच्छ लिहून माझ्यापुढे ठेवलं आणि सही करायला सांगितली. बावन्न वर्षांची लबाडी दीड पानात मावली. मी नीट, पूर्ण नावाने सही केली. सरकारी कागदाला करतात तशी.

तिने मॅडमना फोन केला. मग त्या म्हणाल्या, यापेक्षा चांगली परीक्षा आपल्याला मुद्दाम ठरवूनही घेता आली नसती. ज्याचं खरं उत्तर आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, उलट खोटं उत्तर सगळ्यांना पाठ होतं, ते तुझ्या पद्धतीने बरोबर काढलं. त्यांनी खात्रीसाठी तीन आणि नऊची पानं पुन्हा मागवली. नातीबरोबर मीच गेले टाकीमागे. नवीन पानं, नवीन पाकिटं, आणि चित्रात तीन आणि नऊ पुन्हा तशाच एकमेकींना चिकटून. मला ती डहाळी बघून शेजारणीची इतकी आठवण आली की मी नातीला ते चित्र कागदावर काढून मागितलं. माझ्या त्या जुन्या घड्याळाखाली चिकटवलंय. घड्याळ कधीच बंद पडलंय.

आगाशीला मी स्वतः जाऊन सांगितलं. सासूबाईंचा भाचा, आता तोही सत्तरीचा, आधी गंभीर झाला, मग म्हणाला की त्याला चव नेहमी थोडी वेगळी वाटायची. अजिबात वाटत नव्हती. पण मी त्याला तेवढं खोटं बोलू दिलं. माझ्या मानाने फारच थोडं होतं. त्याने खऱ्या आगाशीच्या राजेळीचा मुनवा खणून दिला. तो आता विहिरीच्या दुसऱ्या बाजूला लावलाय. नातीने त्याच्या गळ्यात नंबर अडकवलाय आणि मला पाटाच्या पाण्याला हात लावायला बंदी केलीय. मी लांबूनच बघते. फार काही करत नाही.

प्रकल्प वेळेत गेला. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी खात्रीच्या जोडीबद्दल खोदून विचारलं, तेव्हा तिने माझा सहीचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. संध्याकाळी विद्यापीठातूनच तिचा फोन आला, मागे पुष्कळ माणसांचा आवाज. पास झाले म्हणाली, हॉस्पिटलने पुढच्या महिन्यात बोलावलंय म्हणाली. मी काही बोलणार तेवढ्यात तिने मला थांबवलं.

"थांब आजी, मॅडम इथेच आहेत, त्यांना तुला एक विचारायचंय. तू आणखी काही मारून गुपचूप बदललं आहेस का? आंबा, फणस, काहीही चालेल. पुढच्या वर्षीच्या मुलींना लागेल म्हणतायत."